चर्चच्या दाराचा मालक

मी आयुष्यभर घरं पाडली. हे वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, माझी हरकत नाही. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, सणासुदीला पाडकामवाल्याचं तोंड कशाला दाखवता लोकांना? तर म्हणाले, त्या दारावर लिहा. दार म्हणजे आमच्या गावच्या जुन्या चर्चच्या बाहेरचं, भिंतीतलं दगडी दार. लिहितो. पण त्यांना वाटतं तसं मी ते वाचवलं बिचवलं नाही. मी ते पाडलं नाही, इतकंच. यातला फरक कळायचा तर आधी आमचा धंदा कळायला हवा.

आम्ही आपसात ‘पाडणं’ म्हणत नसू. ‘उतरवणं’ म्हणायचं. भूकंप पाडतो, दारुड्याचा धक्का पाडतो. आम्ही घर ज्या क्रमानं चढलं त्याच्या उलट क्रमानं खाली आणतो. आधी कौलं, एकेक हातोहात. मग रिपा, मग वासे, मग आढं. आढं उतरताना सगळी टोळी गप्प होते, कारण तेवढा वेळ कुणाचं तरी डोकं खरोखर धोक्यात असतं. भिंती शेवटी, त्याही वरून खाली. जो भिंतीच्या पायाशी आधी पहार घालतो त्याला आमच्या टोळीत दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे. चुन्यातली जुनी भिंत तर फारच हट्टी. तिच्यावर टिकाव उडतो. तिला सांध्यासांध्यानं सोडवावं लागतं, दगड सुटला की तो शाबूत राहतो आणि दुसऱ्याच्या घराला लागतो. बोईसरच्या निम्म्या जुन्या चाळींच्या जोत्यात मी कुठल्या ना कुठल्या वाड्यावस्तीतून उतरवलेला दगड आहे. चाळकऱ्यांना ठाऊक नाही, बरंच आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक रीत. माझ्या बापानं मला ती पहार हातात देण्यापूर्वी शिकवली. पहिला घाव मालकाचा. घर कोणाचंही असो, मालकानं स्वतः यायचं, टिकाव उचलायचा, हवा तिथं एक घाव घालायचा आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणायचं, “घर माझं, घाव माझा. हात लावणाऱ्याला दोष नाही.” त्यानंतर आम्ही पहारी उचलायच्या. त्याआधी नाही. मग मालक आजारी असो, म्हातारा असो, उचलून आणा. पालघर ते डहाणू, या पट्ट्यातल्या सगळ्या टोळ्या ही रीत पाळत.

शहाण्या लोकांना ही अंधश्रद्धा वाटते. वाटू दे. त्यांनी कधी दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची भिंत फोडलेली नसते. तिच्यावर धुराचे थर असतात, पोरांनी कोळशानं काढलेली चित्रं असतात, खुंटीच्या खाली तेलाचा डाग असतो. ते सगळं आपल्या हातानं मातीला मिळवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन जेवायचं, तर कोणीतरी सांगावं लागतं की बाबा, हे तुझ्यावर नाही. ते ज्याचं घर त्यानंच सांगायचं.

या रीतीनं नमुने फार दाखवले. दातिवऱ्याला दोघा भावांनी वाटणीसाठी बापाचं घर उतरवायला आम्हाला बोलावलं. पहिला घाव कोणाचा यावर सकाळपासून वाद. थोरला म्हणे मी थोरला, धाकटा म्हणे घर मी सांभाळलं. शेवटी मी म्हटलं, दोघंही धरा एकच टिकाव. दोघांनी धरला, वर नेला, आणि तो वरच राहिला. मग थोरला खाली बसून रडायला लागला, धाकटा त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. आम्ही तिथं भात आणि बोंबलाचं कालवण जेवून परत आलो. ते घर पुढे बरीच वर्षं उभं होतं. दुसरे एक बोईसरचे शेठ. भाताचं जुनं गोदाम उतरवायचं होतं. मुहूर्त काढून, नवी टोपी घालून आले आणि लोकांवर छाप पाडायला असा काही घाव घातला की मनगट लचकलं. हाताला हळद लावून खुर्चीत बसून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “आम्हीच पाडलं हो, एकट्यानं.”

आता दारावर येतो.

साठच्या दशकात तारापूरच्या समुद्राकाठी अणूवर वीज करायचं काम निघालं आणि आमच्या भागाचा नूर बदलला. बोईसर स्टेशनाभोवती परमुलखातली माणसं आली, हिंदी कानावर पडू लागली. बेटेगावच्या बाजूचे, डोंगराकडचे लोक पूर्वी पाऊस संपला की कामाला लांब जात, त्यांना इथंच माती खोदायचं काम मिळालं. माझ्या टोळीतला सगळ्यांत जुना गडी लखमा त्यांच्यातलाच. भाताचा लहानसा तुकडा होता त्याचा, नुसत्या पावसाच्या पाण्यावरचा. कापणी झाली की तो माझ्याकडे यायचा. विजेचं हे काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरांना त्यानं पगार दिला. पण मोठ्या लोखंडी सामानाच्या गाड्या जायच्या तर रस्ते रुंद हवेत, आणि आमच्या गावातला रस्ता नेमका चर्चपाशी चिंचोळा होता.

रस्त्याच्या एका अंगाला चर्चची बाहेरची भिंत आणि दार. दुसऱ्या अंगाला माझं घर.

ती भिंत पोर्तुगीजांच्या वेळची म्हणतात. आतलं देऊळ मागाहून बांधलेलं, कौलारू, साधं. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. पण बाहेरची भिंत काळ्या दगडाची, शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली, वर शेळी आरामात झोपेल एवढी रुंद. मधोमध दार, दोन चौकोनी खांब, वर कमान, कमानीवर दगडी क्रूस. लाकडी फळ्या कधीच गेलेल्या, नुसत्या गंजक्या बिजागऱ्या उरलेल्या. त्यामुळे ते दार कधी बंद होतच नसे. भिंतीला लागून बाहेरून कट्टा होता. डोंगराकडून लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया त्या कट्ट्यावर मोळी टेकवून दम खात. मासळीवाल्या पाट्या तिथं उतरवत. नवापूरकडच्या कोळणी, हिंदू असल्या तरी, होड्या समुद्रात घालायच्या आधी दारापाशी फूल ठेवून जात. सणाच्या आधी दाराला चुना काढायचं, म्हणजे चुन्यानं रंगवायचं, काम आळीतल्या बायका मिळून करत. त्यात माझी बायको द्वारकाही असायची. आम्ही हिंदू. कोणी तिला का जातेस असं विचारलेलं मला आठवत नाही.

सडकेचे साहेब आले, फीत लावली, खुंट्या ठोकल्या. घाटावरचे होते, बोलायला गोड आणि मनानं सरळ. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांच्याबद्दल गावानं पुष्कळ काहीबाही उठवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मुकादम, दोनपैकी एक जाणार. भिंतीत कोणी राहत नाही, तुझ्या घरात राहतात. मी पाडायला भिंत घेतली. तुझं घर वाचतंय. आणि उतरवायचं काम तूच कर, तुझ्या हाताला सफाई आहे.”

त्यांना वाटलं मी पाया पडेन. मी म्हटलं, “करतो साहेब. मालकाला बोलवा.”

“कसला मालक?”

मी रीत सांगितली. ते हसले. “बोलावू की,” म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळी टोळी घेऊन मी दारापाशी गेलो. गाव आधीच जमलेलं. मोनीबाय कट्ट्यावर बसली होती. गावातली सगळ्यांत जुनी मासळीवाली, ख्रिस्ती, आवाज असा की बाजारात तिच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. आतून फादर आले. साहेबांनी त्यांना टिकाव दाखवून म्हटलं, “फादर, तेवढा एक घाव घाला म्हणजे यांचं समाधान होईल.”

फादरांनी हात मागे घेतले. “मी इथला राखणदार. माझ्या आधी कितीतरी आले, गेले. जे माझं नाही ते माझं कसं म्हणू?”

साहेब सरपंचांकडे वळले. सरपंचांनी सांगितलं, ग्रामपंचायतीनं ही भिंत बांधलेली नाही. मग साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीनं कमानीकडे पाहिलं.

तेव्हा सडकेच्या ठेकेदाराचा मुनशी पुढे आला. परप्रांतातला, अंगानं दांडगा, आमच्या या घोळाला कंटाळलेला. “क्या तमाशा है! लाओ इधर.” टिकाव त्यानं माझ्या हातातून ओढून घेतला, मला शब्द विचारले आणि भराभरा म्हणाला, “दीवार मेरी, घाव मेरा, किसी का दोष नहीं. बस?” आणि खांबावर घाव घातला. चुन्याचा एक टवका उडाला. तो टवका अजून तिथं उडालेला दिसतो, खांबाच्या उजव्या कडेला.

मोनीबाय बसल्या जागेवरून म्हणाली, “तुजी भित हाय काय? बरा जाला बाबा, मालक गावला. दर वर्साला चुना काढून आमचे हात फुटतान. आवंदा तू ये चुना काढाला.”

लोक हसले. मुनशीला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. तो माझ्यावर ओरडला, “अब शुरू करो!”

मी लखमाकडे पाहिलं. तो कधी फार बोलत नसे. त्यानं पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, “खोट्या मालकाच्या घावावर आमी हात लावीत नाय.” त्याच्यामागं बाकीच्यांनीही पहारी ठेवल्या. लोखंडाचा तेवढा एकच आवाज झाला.

माझा ऊर तेव्हा भरून आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांच्यातल्या कोणाचाही त्या चर्चशी संबंध नव्हता. मजुरीवर पाणी सोडायला लागणार हे त्यांना कळत होतं.

साहेबांनी मुनशीला मागे सारलं. टिकाव स्वतः घेतला. “सरकारचं काम आहे, मी सरकारचा माणूस. मी घालतो घाव.”

“घाला साहेब,” मी म्हटलं. “शब्द तेवढे बोला.”

त्यांनी टिकाव वर नेला. “भिंत...” म्हणाले आणि थांबले. मोनीबाय कट्ट्यावरून उठली नव्हती. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. “बोल रे पोरा. तुजी असल तर बोल. आमी नाय म्हननार नाय.”

साहेबांनी कमानीकडे पाहिलं, कट्ट्यावरच्या बायांकडे पाहिलं, मग टिकाव हळूच भिंतीला टेकवून ठेवला. दुसरा कोणी असता तर ओठ हलवून मोकळा झाला असता. त्यांना खोटं बोलता आलं नाही. म्हणून मी त्यांना सरळ म्हणतो.

मग ते माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मुकादम, रस्ता तर जाणारच. कुठून तरी जाणार. भिंत नाही तर पलीकडे काय आहे, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“घर आहे तुझं.”

“हो. पण माझ्या घराला मालक आहे, साहेब. त्याला विचारता येईल.”

हे मी मोठ्यानं म्हटलं, छाती काढून. सगळ्या गावानं ऐकलं. तिथंच रस्त्याचं ठरून गेलं असं मला वाटत आलं आहे. कागद मग मागाहून यथावकाश फिरले असतील.

लोकांनी मला वेड्यात काढलं. अजून काढतात. पाहुणे आले की विचारतात, दुसऱ्यांच्या देवाच्या भिंतीपायी स्वतःचं घर घालवलंस? कोणी म्हणतं मला आतून काही मिळालं होतं. कोणी म्हणतं मी बाटलो होतो. एकानं तर मला भर बाजारात विचारलं होतं, की क्रूस गळ्यात कधी घालणार. मी म्हटलं, तुझ्या गळ्यात टिकाव घालीन त्या दिवशी.

सगळ्यांना एकच उत्तर आहे, आणि ते मी इथं छापून देतो म्हणजे पुन्हा विचारायला नको. मी शेकड्यांनी घरं उतरवली ती एका शब्दावर. दोष नाही, या शब्दावर. तो शब्द मी एकदा खोट्यावर घेतला असता, त्यातही स्वतःचं घर वाचवायला घेतला असता, तर मागची सगळी घरं माझ्या माथी आली असती. बोईसरच्या शेठच्या गोदामापासून सगळी. मग मला झोप लागली असती का? धर्माचा काही संबंध नाही. तिथं देवळाऐवजी पानाची टपरी असती तरी मी तेच केलं असतं.

आता गावोगाव पिवळं यंत्र येतं. मालक घरात बसून असतो, चालक बसल्या जागी दांडा ओढतो, दुपारपर्यंत सपाट. कोणी कोणाला काही म्हणत नाही. चालकाचं चुकतं असं नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. पण एकदा पालघरला मी एका यंत्राच्या समोर जाऊन उभा राहिलो होतो आणि विचारलं होतं, मालक कुठे आहे. लोकांनी मला धरून बाजूला नेलं. या गोष्टीचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. वय झालं म्हणून राग कमी झालेला नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते अजून राहिलंय. त्या दिवशी दारासमोर मी छाती काढून बोललो खरा, घरी मात्र पाय निघेना. रस्ता ओलांडला की घर, तरी मी विहिरीकडून वळसा घालून गेलो. द्वारका चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं, घराच्या दारातूनच दिसत होतं तिला. तिनं मला ताट वाढलं. मी म्हटलं, “काय बोलायचं असेल ते बोल.” ती म्हणाली, “तुमी बोल्लात ना गावासमोर. मंग आता काय?” त्यापुढं त्या विषयावर ती महिनोन् महिने बोलली नाही. नोटीस आली, मोजणी झाली, गावाबाहेर दुसरी जागा मिळाली, तिथं झोपडं उभं केलं, तरी नाही. मागच्या वाडीतल्या केळी तिनं स्वतः खणून नव्या जागेत नेल्या. मला हात लावू दिला नाही. मला वाटायचं, ही मला कधी माफ करणार नाही. ते वाटणं दार पडण्यापेक्षा वाईट होतं, पण म्हणून मी बोललेलं मागं घेणार नव्हतो.

घर उतरवायचा दिवस आला. माझीच टोळी. दुसऱ्या कोणाच्या हाती मी ते दिलं नसतं. लखमा, बाकीचे गडी, सगळे अंगणात. समोर कट्ट्यावर बाया येऊन बसल्या होत्या. फादर दाराच्या कमानीत उभे होते, पण रस्ता ओलांडून आले नाहीत. साहेबही आले होते, टोपी काढून एका बाजूला. मी टिकाव उचलला. शब्द आयुष्यभर ऐकले होते, म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली होती. मी तोंड उघडलं.

“थांबा,” द्वारका म्हणाली.

ती पदर खोचून पुढे आली. मला वाटलं आता ती नको म्हणेल, गावासमोर, आणि मग माझी रीत मलाच बांधील. खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो.

“तुमी कोन?” तिनं मला विचारलं.

“म्हणजे?”

“मालक म्हंजे कोन ते इचारते. तुमी लोकांची घरं उतरवीत गावोगाव फिरत व्हतात. पालघर, डानू, दातिवरा. ह्या भितींचा चुना कोनी वायला? जमीन कोनी चोपली? दर पावसाआदी कुडाला झावळ्यांची झड कोनी बांदली? तुमी आयतवारी जेवाया येत व्हतात.”

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं तिनं काही म्हटलंच नव्हतं. सगळं खरं होतं. गावासमोर ‘माझ्या घराला मालक आहे’ असं मी म्हटलं तेव्हा मला एकदाही सुचलं नव्हतं की तो मालक मी नसेन.

मी टिकाव तिच्यापुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, आत गेली, आणि चुलीमागच्या भिंतीसमोर उभी राहिली. आम्ही सगळे दारात. तिनं शब्द म्हटले, एकही न चुकवता, रस्त्यापलीकडं कट्ट्यापर्यंत ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. मग घाव घातला. धुरानं काळा झालेला गिलावा खाली आला आणि आतली पांढरी भिंत उघडी पडली. तिनं डोळे पुसले नाहीत. टिकाव माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “घ्या. आता तुमाला दोस नाय. लागा कामाला.”